कव्हरकाकांचा अमर पास

"माझ्या मशीनमधून एकदा कागद गेला की त्याला मरण नाही!" असं कव्हरकाका छातीवर हात ठेवून सांगत, आणि ते खरंही होतं. झेरॉक्स आणि लॅमिनेशनच्या त्यांच्या दुकानातून बाहेर पडलेला कागद पाण्याला भीत नसे, चहाला दाद देत नसे आणि उंदरांनी तर त्याचा नाद केव्हाच सोडला होता. गिऱ्हाईक नसलं की काका घरचे कागद काढून बसत. विजेची बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मिक्सरचं हमीपत्र, सगळं प्लॅस्टिकच्या आत चकाकत असे. आपण दुकानात एका जागी फार वेळ बसत नाही ते याच भीतीने, असं काकू आल्यागेल्याला सांगत.

धंद्यात काकांचा एक नियम होता. हाती आलेला कागद वाचायचा नाही. कुणाचा निकाल असतो, कुणाचं घटस्फोटाचं पत्र असतं, आपल्याला काय करायचंय? "आपण कडा बघायच्या, मजकूर बघायचा नाही," असं ते म्हणत. इतक्या वर्षांत हा नियम त्यांच्या अंगात असा मुरला होता की आता त्यांना स्वतःचेही कागद वाचवत नसत.

मुलगी परदेशात नोकरीला होती. तिथेच तिचं लग्न ठरलं. नोंदणी कचेरीत सह्या करून साधेपणाने व्हायचं होतं. साक्षीदार म्हणून बाबांनीच सही करायची, असा तिचा हट्ट होता. शिवाय तिचा जन्माचा मूळ दाखला लागणार होता. तो पोस्टाने नको, हरवला तर पंचाईत, म्हणून तोही बाबांनीच आणायचा होता. कचेरीची तारीख मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. ती हुकली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

स्वस्तातलं विमान त्या देशाच्या एका टोकाला उतरवत होतं आणि मुलगी राहत होती दुसऱ्या टोकाला. मधल्या प्रवासाचंही विमानाचं तिकीट मी काढते, असं ती फोनवर काकुळतीने सांगत होती. पण काकांनी पर्यटकांसाठीचा रेल्वे पास शोधून काढला होता. एकदा घ्या आणि हव्या त्या गाडीत बसा! तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. ही बातमी काकांनी गल्लीतल्या प्रत्येकाला, ज्यांना कुठेही जायचं नव्हतं त्यांनासुद्धा, ऐकवली.

पास घरी आले त्याच दुपारी काकांचा पास मशीनमधून गेला. काकूंच्या पासासाठी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा काकूंनी पर्सची चेन ओढून घेतली.

"माझा मी सांभाळते," त्या म्हणाल्या.

"भिजला म्हणजे कळेल," काका म्हणाले.

विमानातून उतरून सकाळी दोघं गाडीत बसले. गाडी स्वच्छ होती, गुळगुळीत पळत होती. नोंदणी दुपारी होती, हाताशी भरपूर वेळ होता. काका खुशीत होते. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. उंच, शांत, चष्मेवाला माणूस. त्याने काकूंचा पास पाहिला आणि पासावरच्या पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. काकूंनी स्टेशनावरच तिथे पेनाने आजची तारीख घातली होती. तो मान डोलावून पुढे सरकला. मग त्याने काकांचा पास हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

आजची तारीख कुठे आहे, असं त्याने साध्या इंग्रजीत विचारलं.

पासाच्या मागे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की प्रवासाच्या दर दिवशी गाडीत चढण्याआधी एका चौकोनात पेनाने तारीख घालावी. काकांनी कडा पाहिल्या होत्या. कडा उत्तम होत्या.

काकांनी घाईघाईने पेन काढलं. प्लॅस्टिकवर ते नुसतंच घसरलं. समोरच्या बाईंनी कीव येऊन जाड मार्कर दिला. त्याने तारीख झकास उमटली! तपासनिसाने ती पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि तारीख पुसली गेली. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. रोज तारीख लिहायची, रोज पुसायची आणि जन्मभर फुकट हिंडायचं! ही युक्ती त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणाला सुचली नव्हती.

हे आपण स्वतःच केलंय, यात फसवणूक नाही, हे पटवून द्यायला काका मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागले, "मी हेच काम करतो. माझं दुकान आहे. रोज शेकडो कागद करतो." आणि पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून पासपोर्टच्या लॅमिनेट केलेल्या प्रती, विम्याचा लॅमिनेट केलेला कागद आणि काकूंच्या गोळ्यांची लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढून पत्त्यांसारखी पसरली. तपासनीस एक पाऊल मागे सरला आणि त्याने फोन कानाला लावला.

नवीन तिकीट आणि दंड भरा, नाहीतर पुढच्या स्टेशनावर उतरा, असा निकाल लागला. पास विकत घेतलेला असताना पुन्हा पैसे भरायचे, हे काकांच्या जिवावर आलं. स्टेशनावरच्या मोठ्या साहेबांना पटवू, असं म्हणून ते ताडकन उठले आणि पिशवी घेऊन उतरले. काकूंचा पास चोख होता. त्या बसून राहिल्या असत्या तर वेळेवर पोचल्या असत्या. पण पोरीच्या लग्नाला बाप मागे टाकून कसं जायचं? त्याही उतरल्या.

स्टेशनावरच्या कचेरीत साहेब नव्हते, साहेबीण होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या समजूतदारपणे तोडगा काढला. प्लॅस्टिक सोडवा, मी खालच्या कागदावर तारीख घालून शिक्का देते. तिने चहाची किटलीसुद्धा चालू करून दिली. काकांनी पास वाफेवर धरला. नखाने कोपरा उकरला. पट्टीने उचकटलं. दातही लावून पाहिले. प्लॅस्टिक हललं नाही. इकडे वेळ चालला होता, तरी मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना अभिमान वाटला.

"आमच्याकडे असा कागद कुठेच चालत नाही," साहेबीण हळहळून म्हणाली. "नुसतं रेल्वेतच नाही, कुठल्याही सरकारी कचेरीत. प्लॅस्टिकखालचा मूळ कागद खरा की खोटा, कसं ओळखणार?"

काकांचा हात वाफेवरच राहिला.

पिशवीच्या तळाशी मुलीचा जन्मदाखला होता. तो हाती आला त्याच आठवड्यात काकांचं मशीन नवं कोरं आलं होतं आणि त्यातून गेलेला पहिला कागद तोच होता. लेकीच्या नावाला कधी डाग लागू नये, म्हणून त्यांनी तो दोन्ही बाजूंनी, जरा जास्तच जाड प्लॅस्टिकमध्ये घातला होता.

"अगं," काका कसेबसे म्हणाले, "दाखला!"

काकूंनी दाखल्याकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं. "त्याला हात लावू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांनी निमूटपणे पूर्ण दराचं तिकीट काढलं. पासाने जे वाचवलं होतं ते गेलं, वर पासही गेला. पण आता त्याचं काहीच वाटत नव्हतं. पुढच्या गाडीत ते पिशवी पोटाशी धरून बसले. पोरीचं लग्न आपल्या हाताने मोडलं, हा विचार चाकांबरोबर डोक्यात फिरत होता. जावई काय म्हणेल? पोर काय म्हणेल? ती काही म्हणणारच नाही, नुसती बघेल, याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती. आणि समोर काकू शांतपणे बिस्किटं खात होत्या! खाऊन झाल्यावर त्यांनी चक्क डुलकी काढली. बायकोचं काळीज असं दगडाचं असेल हे काकांना संसारात कधी कळलं नव्हतं.

मुलीचा फोन आला. "बाबा, दाखला आणलात ना?"

"आणलाय," काका म्हणाले. "अगदी जपून."

कचेरीत ते धापा टाकत पोचले तेव्हा लेकीचं नाव पुकारलं जात होतं. मुलगी दारातच उभी होती. तिने आईला मिठी मारली आणि बाबांच्या हातातून दाखला घेतला. हाताला गुळगुळीत प्लॅस्टिक लागताच तिचा चेहरा उतरला. कारकुनाने दाखला बोटांत धरून वाकवला, तो टणकन परत सरळ झाला. कारकुनाने नकारार्थी मान हलवली. काका म्हणाले, "माझं चुकलं गं बाळा."

तेव्हा काकूंनी पर्सची चेन उघडली. आतून चार घड्या घातलेला, पिवळा पडलेला, कोपऱ्यावर चहाचा डाग असलेला एक कागद निघाला. दाखल्याची दुसरी मूळ प्रत. कारकुनाने तो डाग पाहिला, शिक्का चाचपला आणि समाधानाने मान डोलावली.

"तुम्ही तो मशीनमध्ये घातलात, त्याच आठवड्यात मी जाऊन ही काढून आणली," काकू म्हणाल्या.

"मग गाडीत का नाही सांगितलंस? माझा जीव जायची वेळ आली होती!"

"म्हटलं, एकदा तरी तुम्हाला घाम फुटू दे."

सह्या झाल्या. साक्षीदाराची सही काकांनीच केली. लग्नाचं प्रमाणपत्र कारकुनाने पुढे केलं, तसा सवयीने काकांचा हात पुढे गेला. मुलीने तो वाटेतच दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. नवा जावई हुशार निघाला. प्रमाणपत्र थेट सासूबाईंच्या पर्समध्ये गेलं.

तो अमर पास आता काकांच्या दुकानात भिंतीवर लावलेला आहे. खाली पाटी आहे, 'परदेशी रेल्वेलाही सुटलं नाही!' त्या पाटीने बरीच गिऱ्हाइकं येतात. परवा एकाने चष्मा सावरून पास जवळून पाहिला आणि विचारलं, "काका, सगळे चौकोन कोरेच कसे? एकदाही वापरला नाहीत की काय?"

काकांनी मशीनवरून मान वर केली नाही. "दुसऱ्याचा कागद," ते म्हणाले, "वाचू नये."