जळणारी मखमल

“या पेटीतली कापडं कुठे गेली?” कुमुदिनीने अगदी हळू आवाजात विचारलं, तेव्हाच गुरुदत्त प्रधानांना धोका कळायला हवा होता. बायको ओरडली की प्रकरण पाच मिनिटांत मिटतं आणि हळू बोलली की अख्खा दिवस जातो, हे एकोणतीस वर्षांच्या संसारात ते शिकले होते. पण त्या वेळी ते खुशीत होते.

“पलंगाखालच्या चिंध्या ना? बोहारणीला दिल्या,” ते म्हणाले. “ही बघ, स्टीलची गाळणी घेतली.”

कुमुदिनीने गाळणीकडे पाहिलं. मग गुरुदत्तांकडे पाहिलं.

“त्या चिंध्या नव्हत्या. तो माझा हात होता.”

आठ महिन्यांपूर्वी तिला डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत नागीण झाली होती. फोड तीन आठवड्यांत सुकले, आग मात्र राहिली. डॉक्टर म्हणाले, कातडी बरी झाली, पण आतल्या नसा दुखावल्यात, त्या उगाच बोंबलत राहतील. पंख्याचा वारा लागला तरी दंडावर निखारा ठेवल्यासारखं होई. ब्लाऊजची बाही तर सोडूनच द्या. बदलापुरात घरी आणि बाहेरही ती डावी बाही कापलेला सैल कुर्ता घाले आणि बघायला येणारे लोक म्हणत, “दिसत तर काही नाही हो.” त्या वाक्याला ती आता सहाव्या वेळी उत्तर देणार नव्हती. सहाव्याला ती मारणार होती.

अंबरनाथच्या स्वप्नालीने, म्हणजे तिच्या फिजिओथेरपिस्टने, वेगळा मार्ग सांगितला होता. दुखऱ्या भागावर दिवसातून पाच वेळा निरनिराळी कापडं फिरवायची. आधी कापूस, मग मलमल, सॅटिन, असं करत करत खादी आणि खरखरीत टॉवेलपर्यंत जायचं. स्पर्श म्हणजे संकट नव्हे, हे मेंदूला हळूहळू पटवायचं. कुमुदिनीने नऊ तुकडे जमवले होते. पंधरा जूनला शाळा उघडणार होती आणि मुख्याध्यापक चिंतामणी सरांनी फोन करून, “एवढा त्रास आहे तर स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा की,” असं फार प्रेमाने सुचवलं होतं. सातवी ते दहावीचं गणित शिकवणारी कुमुदिनी म्हणाली होती, “मी पंधरा तारखेला येणार, सर. साडी नेसून.”

गुरुदत्त अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं गुणवत्ता विभागात होते. त्यांनी फ्रिजवर तक्ता लावला होता: मलमल चार मिनिटं, सॅटिन अडीच, मखमल चाळीस सेकंद. साऱ्या जगाला मऊ लागणारी मखमलच तिला सगळ्यात जास्त जाळत असे. तक्ता रोज भरला जाई. कापडं कुठल्या पेटीत असतात, ते मात्र गुरुदत्तांनी कधी पाहिलं नव्हतं.

तासाभरात दोघं उल्हासनगरच्या कापडबाजारात होते. रिक्षात कुमुदिनी डाव्या कडेला, वारा परवडला पण धक्का नको म्हणून खांदा बाहेरच्या बाजूला ठेवून बसली होती. हरेश शेठच्या दुकानात शिरल्यावर सरळ म्हणायचं होतं, की चार चार बोटांचे नऊ तुकडे द्या. पण गादीवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला सिंधी शेठ, समोर थंडगार पाण्याचे ग्लास आणि “आओ साईं, काय दाखवू?” हे स्वागत. गुरुदत्तांना चिंध्या मागायची लाज वाटली.

“सोफ्याचं कापड बघायचंय,” ते बोलून गेले. “चिखलोलीला नवा फ्लॅट घेतलाय.”

कुमुदिनीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यांनी घाबरून आणखी पाच खिडक्यांचे पडदे जोडले.

शेठ उठून उभा राहिला. नोकरांनी तागे उलगडायला सुरुवात केली. शेठ प्रत्येक कापडाला “छूके देखो मॅडम, हात लावून बघा” म्हणायचा आणि कुमुदिनी, आता आलोच आहोत तर वेळ तरी फुकट जाऊ नये म्हणून, कापडाचं टोक दंडावर घेऊन, डोळे मिटून, साठ आकडे मोजायची. मलमल झाली, सॅटिन झालं, तागाचं कापड झालं. कापड पारखायची ही रीत शेठने चाळीस वर्षांच्या धंद्यात पाहिली नव्हती. शेजारी आपल्या मुलीच्या, जिज्ञासाच्या, लग्नाचा घागरा शिवायला टाकण्यासाठी कापड घेणाऱ्या एका बाईंनी मात्र, या कोणी जाणकार दिसतात, असं मनात धरलं आणि त्याही आपल्या दंडावर कापड घासू लागल्या.

मग डाळिंबी मखमल आली. कुमुदिनीने ती दंडावर टेकवली आणि विसाव्या आकड्याला झटक्यात दूर केली.

“जळतंय,” ती म्हणाली.

जिज्ञासाच्या आईने त्याच ताग्यावर कात्री चालवायला निघालेल्या नोकराचा हात धरला. “थांबा. या काय म्हणतायत? अंगाला आग होते म्हणे. माझी मुलगी सात तास घालणार आहे हे.” बरोबरची मावशी म्हणाली, रंग कच्चा असणार, त्यात केमिकल असतं. केमिकल हा शब्द ऐकताच गुरुदत्तांमधला अधिकारी जागा झाला आणि काही रंगांनी त्वचेला त्रास होऊ शकतो, हे त्यांनी कोणी विचारलं नसताना समजावून सांगितलं. चार बायका ताग्यापासून मागे सरकल्या.

आता शेठ भडकला. “ओ साब, सोफा पे बैठना है की सोफे को हाथ घिसना है? एक तासापासून बघतोय मी. घेणार काहीच नाही, उलटा माझा गिऱ्हाईक पळवताय?” त्याने ताग्याचं टोक उचलून कुमुदिनीसमोर फडकवलं. “मखमल आहे ही, मखमल. कुठे जळते, दाखवा.”

गुरुदत्त म्हणाले, “तसं नाही शेठ, पडद्याच्या दृष्टीने...”

“तुम्ही गप्प बसा,” कुमुदिनी म्हणाली.

शेठने फडकवलेलं मखमलीचं टोक तिने हिसकून घेतलं, पदर घ्यावा तसं डाव्या खांद्यावरून ओढलं आणि कमरेला खोचलं. गुरुदत्तांची नजर घड्याळाकडे गेली.

“मला सोफा नकोय. पडदे नकोत. आमचा चिखलोलीला फ्लॅटबिट नाही. मला नागीण झाली होती. आठ महिने झाले, माझ्या हातात आग आहे आणि ती कोणाला दिसत नाही. मला ब्लाऊज घालता येत नाही. नातीला या बाजूने जवळ घेता येत नाही. चिंध्या घासून घासून मी तो हात परत शिकवतेय, पाढे शिकवावेत तसा. आणि या माणसाने माझा आठ महिन्यांचा अभ्यास बोहारणीला दिला, आणि वर चिंध्या मागायची त्याला लाज वाटते!”

दुकानात लगेच सल्ले सुरू झाले. जिज्ञासाच्या आईने गेरू लावायला सांगितला. मावशीच्या मते नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं असणार. एका नोकराच्या गावात मंत्र टाकणारा होता.

कुमुदिनी एकेकाकडे वळली. गेरू सुचवणाऱ्या बाईंना तिने नस कुठे असते ते विचारलं. तोंड-शेपटीवाल्या मावशींना तिने, दहावी पास असाल तर असं बोलू नका, असं सुनावलं. मंत्रवाल्याचा पत्ता देणाऱ्याला तिने, तोच मंत्र आधी स्वतःच्या दाढदुखीवर वापरायला सांगितला. शेठचा राग एव्हाना विरला होता. त्याने कात्री मागवली आणि एकेका ताग्याचा कोपरा कापायला घेतला. डाळिंबी मखमलीपाशी येऊन त्याने तागा ओढला, तो ओढला जाईना. त्याची नजर कापडामागून सरकत कुमुदिनीच्या खांद्यावर गेली आणि त्याने तोंड उघडलं.

गुरुदत्तांनी तिच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले.

त्यांनी घड्याळ पाहिलं होतं. सात मिनिटं झाली होती. मखमल तिच्या उघड्या दंडावर होती, प्रत्येक हातवाऱ्यासरशी वरखाली घासत होती आणि तिला पत्ता नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच गुरुदत्तांना एक गोष्ट दिसली आणि ती बोलून दाखवावीशी वाटली नाही. बोललं, की तिचं लक्ष तिकडे जाणार, आणि आग परत लागणार.

पण दुकानातले सल्ले संपत आले होते. बायका ओशाळून आपापल्या कापडांकडे वळत होत्या. कुमुदिनीने दीर्घ श्वास घेतला, तिचे खांदे खाली आले आणि उजवा हात सवयीने डाव्या दंडाकडे निघाला.

गुरुदत्तांनी घसा साफ केला.

“एक मात्र आहे,” ते दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले. “तुझ्या माहेरच्या, पेणच्या माणसांना आवाज चढवल्याशिवाय बोलताच येत नाही. तुझ्या वडिलांचंही तसंच होतं.”

हात वाटेतच थांबला. कुमुदिनी सावकाश त्यांच्याकडे वळली.

“काय म्हणालात?” तिने अगदी हळू आवाजात विचारलं.

शेठने कात्री खाली ठेवली आणि नोकराला खुणेनेच साहेबांसाठी खुर्ची आणायला सांगितली. गुरुदत्त खुर्चीवर बसले, मनगट मांडीवर घेतलं आणि घड्याळाची काच शर्टाच्या टोकाने पुसली. आठवं मिनिट सुरू झालं होतं.