चार गल्ल्यांचं इंजिन

राणीसावरगावच्या पलीकडे फाट्यापासून थोड्या आत असलेल्या एका गावाने लोकवर्गणीतून एक जुनी डिझेल जीप घेतली होती. अडल्यानडल्याला गंगाखेडच्या दवाखान्यात पोचवणे, एवढेच तिचे काम. यंदा ती काळा धूर ओकू लागली आणि चालक वीरभद्रला घोर लागला. त्याची लेक ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते.

लिंबाजी मिस्त्रीने बोनेट उघडून सांगितले, "इंजेक्टर गेलेत. चारी बदला, अन् चारी एकाच नंबरचे आणा. एकानं डिझेल जास्त फेकलं, एकानं कमी, तर इंजन आपसातच भांडून मरतंय."

जीप समितीची सभा भरली. अध्यक्ष महारुद्र यांना 'एकाच नंबरचे' ही अट लोकशाहीविरोधी वाटली.

"चारी एकाच गल्लीनं आणले, तर बाकीच्या तीन गल्ल्यांनी काय नुसता धूर खायचा?"

गावात गल्ल्या चार, इंजिनात सिलिंडर चार. असा योग उगाच जुळत नाही, अशी नोंद इतिवृत्तात झाली आणि 'सर्वसमावेशक इंधन-फवारणी धोरण' एकमताने मंजूर झाले. दर गल्लीने एक इंजेक्टर आपापल्या ऐपतीने आणि इभ्रतीने आणायचा. हे धोरण म्हणजे शुद्ध गाढवपणा आहे, हे सभेत फक्त वीरभद्रला कळत होते. पण वरची गल्ली त्याची स्वतःची, आणि ती सगळ्यात भारी माल आणणार होती. त्याचाच हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

वरच्या गल्लीने परभणीहून कोरा करकरीत इंजेक्टर आणला. वेशीच्या गल्लीने सेलूच्या भंगारातून जिनिंगच्या जनरेटरचा मिळवला. खालच्या गल्लीने पालमहून ट्रॅक्टरचा आणला, कारण ट्रॅक्टर ओढतो जास्त. मधल्या गल्लीचे शेवटपर्यंत जमले नाही, म्हणून तिने जुनाच रॉकेलने धुऊन, हळदकुंकू लावून परत दिला. लिंबाजीने वायसर घालून, ठोकून ठोकून चारी बसवले आणि इंजिनाला हात जोडले.

जीप सुरू झाली. आवाज भांड्यांनी भरलेला टेम्पो घाट उतरावा तसा. दर गल्लीची माणसे आपापल्या सिलिंडरजवळ कान लावून उभी होती आणि सगळ्यांना आपलाच गोड वाटत होता. धूर दुप्पट झाल्याचे कोणीतरी निदर्शनास आणून दिले.

"लोकसहभाग हाय तो," महारुद्र म्हणाले. "दिसायलाच पायजे."

आठव्या दिवशी सकाळी ईश्वरीला कळा सुरू झाल्या. आई गंगम्माने तिला जीपमध्ये बसवले. फाट्यापर्यंत गाडी गेली, चार आचके दिले आणि ठप्प झाली. बघता बघता चारी गल्ल्या गोळा झाल्या.

लिंबाजी धावत आला. "कालच मोडीत आलेल्या जीपचे चार एकाच नंबरचे इंजेक्टर हायेत माझ्याकडं. फुकट घ्या. अर्ध्या तासात चारी बदलतो. हो म्हणा फक्त."

"आधी दोषी कोण ते ठरवा," महारुद्र म्हणाले. "निर्दोष इंजेक्टर काढला तर त्या गल्लीचा अपमान हाय."

सगळ्यांनी वीरभद्रकडे पाहिले. मागच्या सीटवर लेक कण्हत होती. वीरभद्रने एकदा मागे पाहिले, मग वरच्या गल्लीच्या माणसांकडे.

"बाकीचे तीन काढ," तो म्हणाला. "आमचा कोरा हाय. ऱ्हाऊ दे त्याला."

तीन गल्ल्या एकदम उसळल्या. कुणाचे कुणाला ऐकू येईना. तेवढ्यात ईश्वरी आईच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरली. समोरून गंगाखेडची एसटी येत होती. तिने हात केला.

"आप्पा, तुमी बसा इंजेक्टर मोजत. आमी यष्टीनं चाललोय."

बस थांबली. पुढच्या सीटवरच्या दोघी बायका काही न विचारता उठल्या. त्यासाठी ठराव लागला नाही.

वीरभद्र पुढच्या बसने दवाखान्यात पोचला. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या. ईश्वरीने त्याला पाहून भिंतीकडे तोंड केले. 'चुकलो पोरी' म्हणायला तो दिवसभर दारात उभा राहिला, पण दर वेळी 'चहा आणू का?' एवढेच विचारून मागे फिरला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

जीप अजून फाट्यावरच आहे. ही हकिकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांपैकी एकानेही नातीचे नाव काय ठेवले हे विचारले नाही. सगळ्यांनी एकच विचारले, की खराब इंजेक्टर नक्की कोणत्या गल्लीचा होता?

तुम्हीही तेच विचारणार होता ना?