अर्धं तिकीट नाकारणारे नाना

आमचे शेजारी नाना एस.टी.त पाय ठेवत नाहीत. पासष्टीनंतर अर्धं तिकीट म्हणजे सरकारचे उपकार, आणि पूर्ण तिकीट मागितलं तर कंडक्टर देत नाही! म्हणून भाऊबिजेसाठी आदल्या दिवशी रावेरहून धुळ्याला ते चक्क सायकलने निघाले. धुळ्याला त्यांची थोरली बहीण, अक्का. बायको वारल्यापासून तीन वर्षं नाना तिच्याकडे फिरकले नव्हते. यंदा अक्का अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि नाना हट्टाला पेटले. भाऊबीज चुकवायची नाही. सोबतीला दुसऱ्या सायकलवर मी, माझं नशीब!

सावद्याजवळ केळीची कापणी चालली होती. एकाने हाक मारून फणी पुढे केली. आमच्या भागात केळी कोणी विकत घेत नाही, आणि दिलेली कोणी नाकारत नाही. नानांनी नाकारली. "मले कोन्हाचं काही नको." भुसावळला चहा नको, पुढे पंक्चरवाल्याचं पाणीसुद्धा नको. जळगावात माझ्या मेहुण्याकडे मुक्काम केला, तर हे ओट्यावर स्वतःची सतरंजी टाकून स्वतःचे फुटाणे खात बसले. नकार यांचे आणि संकोचाने उपाशी मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पारोळ्याच्या पुढे, नानांच्या पायात गोळे आले. तरी सायकल हातात धरून लंगडत निघाले. रस्त्याकडेच्या शेतात एक बाई कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती. ती तडक आली, तिने हँडलच धरलं आणि बांधावर बसायची खूण केली.

"भाऊ, बठा आठे. भाकर खाई ल्या, मंग जा."

"नको, ताई."

"आज भाऊबीज शे. भाऊले उपाशी धाडू का मी?"

मला वाटलं, नाना आता भडकणार. पण ते हळूच म्हणाले,

"माह्या घरी चूल पेटत नाही, ताई. उद्या तू आली, त मी तुले काय वाढू?"

तीन वर्षं मी या माणसाला हेकट म्हणून हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"भाकर मीच बांधीसन लई येसु," बाई म्हणाली. "तुम्ही फक्त बठाले जागा द्या."

नाना बसले. दोन भाकरी खाल्ल्या, तिच्याकडून पाय चोळायला तेलही मागून घेतलं आणि उठून पुन्हा पायडल मारायला लागले.

दिवेलागणीला धुळे गाठलं. अक्कांना सुनेने उशीला टेकवून बसवलं. बसल्याबसल्याच त्यांनी ओवाळलं आणि भीतभीतच विचारलं, "दोन घास खाशीन का रे?"

"जेवून आलो," नाना म्हणाले. "पन वाढ."