फलाट तिकिटाचं गाव

प्रत्येक गावाच्या इतिहासाचे दोन कालखंड असतात. रेल्वे नाही म्हणून गाव मागे पडलं, हा पहिला. रेल्वे आली तरी गाव मागेच कसं, याची चौकशी चालू आहे, हा दुसरा. पहिला कालखंड सुखाचा असतो.

आमच्या गावाचा पहिला कालखंड चांगला लांबला. त्या काळात गावात जे काही वाईट होई, त्याचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शाळेचा निकाल पडला: रेल्वे नाही. नळाला गढूळ पाणी आलं: रेल्वे नाही. एका गृहस्थांचं ठरलेलं लग्न मोडलं (ते भलत्याच मुलीबरोबर बागेत बसलेले दिसले होते), तेव्हाही गावाने हळहळून एवढंच म्हटलं, की रेल्वे असती तर बिचाऱ्यावर बागेत बसायची वेळच आली नसती. इतकं सोयीचं कारण लाभलेल्या गावाला आळशी म्हणायची कोणाची छाती होणार?

हे कारण जिवापाड जपण्याचं काम ‘रेल्वे आलीच पाहिजे समिती’ करत असे. तिचे अध्यक्ष म्हणजे छापखान्याचे मालक. त्यांना सगळे अध्यक्षच म्हणत. घरातसुद्धा. “अहो अध्यक्ष, दूध उतू गेलं,” असं बायको आतून ओरडे आणि ते “नोंद घेतली” असं म्हणून जागेवरच बसून राहत. निवेदनाचा मजकूर छापखान्यात कायमचा जुळवून ठेवलेला होता. मंत्री बदलला की वरची ओळ तेवढी बदलायची. छापून छापून ‘आलीच’मधल्या ‘च’चा खिळा पार झिजून गेला होता. त्यामुळे पुढची सगळी निवेदनं जरा मऊ गेली. सरकारला घाई वाटली नाही, त्याचं हेही एक कारण असावं.

निवेदनात मागणीची सतरा कारणं होती. त्यांत व्यापारवृद्धी होती, ज्ञानप्रसार होता, हवापालटही होता. अठरावं कारण छापलेलं नव्हतं. अध्यक्षांची एकुलती एक लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. तिथून घरी यायचं तर तीन बस बदलायच्या, आणि तिसरी येईलच असं तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नसे. “बाबा, रेल्वे आली ना, की दर महिन्याला येईन,” असं ती म्हणाली होती. अध्यक्षीणबाईंना सतरा कारणांतलं एकही पाठ नव्हतं. हे एक होतं.

आणि एके दिवशी रेल्वे आली. मागणीमुळे आली, असं मात्र नाही. दोन मोठ्या शहरांना एकमेकांकडे लवकर पोचायचं होतं आणि मधला डोंगर पोखरणं महागात पडत होतं, म्हणून रूळ वळसा घालून आमच्या गावातून गेले. (हे एका इंजिनिअरने अध्यक्षांना खाजगीत सांगितलं. समितीने ते खाजगीतच ठेवलं.) रूळ बाजार आणि शाळा यांच्या बरोबर मधून गेले. पोरांना शाळेत उशिरा पोचायला प्रथमच सबळ कारण मिळालं. निम्म्या दुकानदारांना गिऱ्हाईक रोज दिसू लागलं, पण रुळापलीकडे. समितीचे उपाध्यक्ष म्हणजे शिंपी. त्यांचं दुकान निम्मं रुळाखाली गेलं. तेव्हापासून ते शिलाई मशीन आत ठेवून स्वतः बाहेर बसत आणि “मोकळं वाटतं” म्हणत.

पाठोपाठ बसवाल्यांनी कळवलं, की आता तुम्हाला रेल्वे आहे, सबब बस बंद करण्यात येत आहे. समितीने त्यांचं अभिनंदन केलं. ठराव एकमताने झाला.

गाडी रोज एक. जाताना आमच्याकडे दोन मिनिटं थांबणार आणि येताना न थांबता जाणार. जाणाऱ्याने परत कसं यायचं, हे कोणी विचारलं नाही. कारण पहिल्या गाडीने जाणार कोण, हेच ठरत नव्हतं. बैठकीत अध्यक्षांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “पण जायचं कुठं?” समितीच्या साऱ्या इतिहासात हा प्रश्न कधी विषयपत्रिकेवर आलेला नव्हता.

शेवटी शिंपी म्हणाले, “पुढच्या स्टेशनला माझा मेहुणा असतो. आमचं बोलणं नाही, पण जाऊन येतो.”

इथे गावची एक रीत सांगितली पाहिजे. वेशीबाहेर जाणाऱ्याला आमच्याकडे एकट्याने जाऊ देत नाहीत. अख्खी आळी पोचवायला जाते, आणि आळी निघाली की शेजारची आळी मागे राहून नाक कापून घेत नाही. बसच्या काळात हे निभलं. ड्रायव्हर गावचाच जावई होता आणि निरोप संपला की बस सुटे. इंजिन कोणाचा जावई नव्हतं.

शिंप्यांना पोचवायला सारा गाव लोटला. प्रत्येकाने फलाट तिकीट काढलं. मागणी आपण केली, तर शिस्तही आपणच पाळायची, असा अध्यक्षांचा दंडक होता. गाडी आली, थांबली, आणि निरोप सुरू झाला.

“पोचलात की कळवा हो!”

“अहो, चढू तर द्या!”

“पाणी घेतलंत का? आणि मेहुण्यांना विचारलंय म्हणून सांगा.”

“आमचं बोलणं नाही हो.”

“मग आम्ही विचारलंय म्हणून सांगा.”

“डब्यात डावीकडे बसा, उजवीकडे ऊन लागतं.”

“उजवीकडे कसलं? गाडी वळते की पुढे!”

ऊन नक्की कोणत्या बाजूला, यावर दोन गट पडेपर्यंत गाडी निघून गेली होती. शिंपी पिशवी धरून फलाटावर उभे. त्यांना गावाने तितक्याच प्रेमाने परत घरी पोचवलं. संध्याकाळी ज्याने त्याने विचारलं, “काय, कसा झाला प्रवास?” शिंपी म्हणाले, “गर्दी फार.”

असंच रोज होऊ लागलं. स्टेशनमास्तर बाहेरगावचे. ते सुरुवातीला “अहो, चढू द्या की माणसाला!” असं ओरडत. पुढे पुढे तेही येऊन पाणी घेतलं का विचारू लागले. पहिल्या तीन महिन्यांची अधिकृत आकडेवारी अशी: निघालेले प्रवासी नव्वद, प्रत्यक्ष गेलेले दोन. (त्यांपैकी एक जण निरोप द्यायला आले होते. ते रेट्याने आत गेले. गाव अजून त्यांची वाट पाहतंय.)

मग लेकीचा फोन आला. पुढच्या गुरुवारच्या गाडीने येते म्हणाली.

अध्यक्षीणबाईंनी फोन ठेवला आणि त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या. “हे बघा, कोणाला सांगू नका. आपण दोघंच जाऊन आणू तिला.”

“असं कसं? गावात उतरणारी पहिली प्रवासी आहे ती. हा समितीचा विषय आहे.”

“ती माझी मुलगी आहे.”

“त्याचा उल्लेख आभाराच्या भाषणात येईल,” अध्यक्ष म्हणाले. आणि ते खरंच तसं म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काहीही नव्हतं. मुलीचं कौतुक करायची त्यांना दुसरी कुठलीही पद्धत ठाऊक नव्हती.

गुरुवारी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. समिती हुद्द्याप्रमाणे उभी राहिली. अध्यक्ष सर्वांत पुढे, हातात छापील भाषण. मागे शिंपी, मागे सदस्य, मागे गाव. अध्यक्षीणबाईंना हुद्दा नसल्यामुळे त्या पार शेवटी, वजनकाट्याजवळ. गाडी थांबली. डब्याचं दार उघडलं. दारात लेक, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईसाठी आणलेली छत्री.

“आजचा हा दिवस,” अध्यक्षांनी सुरुवात केली.

“बाबा, आधी बाजूला व्हा, उतरू द्या मला!”

“एकच मिनिट, बाळ. आजचा हा दिवस आपल्या गावाच्या वाटचालीत—”

“बाबा, गाडी सुटतेय!”

बाजूला व्हायची अध्यक्षांची तयारी होती. पण बाजूला उपाध्यक्ष होते, आणि उपाध्यक्षांच्या बाजूला विकासाची सर्व शक्ती एकवटली होती. शिट्टी झाली. दार हलू लागलं. लेकीने छत्री हलवली. तो अभिवादनाचा प्रकार आहे असं समजून गावाने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी उरलेलं भाषण रिकाम्या रुळासमोर पुरं केलं. छापलेलं भाषण अर्धवट सोडायची समितीत पद्धत नव्हती.

संध्याकाळी पुढच्या स्टेशनवरून फोन आला. परतीची गाडी आपल्याकडे थांबत नाही आणि बस तर बंद झालीय, तेव्हा तशीच परत जाते, असं लेक म्हणाली. मग तिने विचारलं, “आई आली होती ना? मला दिसलीच नाही.”

अध्यक्षीणबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि आत गेल्या. दूध उतू गेलं होतं. या वेळी त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

यथावकाश रेल्वेचे साहेब तपासणीला आले. छापखान्यात, कागदाच्या रिमांवर, त्यांची समितीशी बैठक झाली. साहेब सरळ माणूस. म्हणाले, “मी पुष्कळ स्टेशनं बघितली. काही तोट्यात असतात, काही नफ्यात. प्रवासी नाहीत आणि नफा आहे, असं हे पहिलंच. तुमची फलाट तिकिटं एखाद्या शहराला लाजवतील. आता असं आहे, की तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत.”

पहिला पर्याय: साधा थांबा. इमारत नाही, छप्पर नाही, फलक नाही, मास्तर नाही, फलाट तिकीट नाही. फक्त गाडी थांबणार, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा थांबणार. दुसरा पर्याय: पूर्ण दर्जाचं स्टेशन. छप्पर, बाकं, मोठं घड्याळ, आणि दोन्ही टोकांना गावाच्या नावाचे भले थोरले फलक. फक्त गाडी थांबणार नाही. गाडीत कोणी चढत नाही आणि कोणाला उतरू देत नाहीत, तर ब्रेक का झिजवायचे?

समितीत सहा सदस्य, अध्यक्ष सोडून. तिघं थांब्याच्या बाजूने, तिघं स्टेशनच्या. शिंप्यांनी उभं राहून गावाच्या मनातलं बोलून दाखवलं: “थांबा काय हो, रुळावर गाय आली तरी मिळतो. स्टेशन मिळायला पिढ्या जातात!”

निर्णायक मत अध्यक्षांचं. अध्यक्षीणबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “थांबा घ्या.”

साहेबांनी अदबीने विचारलं, “बाई समितीच्या सदस्य आहेत का?”

“नाहीत,” अध्यक्ष म्हणाले. नियम म्हणजे नियम.

मग त्यांनी डोळे मिटले. त्यांना लेक दिसली, दारात, छत्रीसह. त्यांना फलकही दिसला. फलक मोठा होता. आयुष्यभर त्यांनी गावाचं नाव फार लहान टायपात छापलं होतं. डोळे न उघडताच ते म्हणाले, “स्टेशन.” टाळ्या झाल्या. चहा मात्र थंड निघाला.

आता आमचं स्टेशन पाहण्यासारखं आहे. सर्वांत स्वच्छ स्टेशनचा पुरस्कार त्याला लागोपाठ मिळतो (प्रवाशांचा उपद्रव नसल्याचं परीक्षकांनी नमूद केलं आहे). घड्याळ अचूक चालतं. बाकांवर जागा धरायला लोक रुमाल टाकून जातात. वळणामुळे गाडी आमच्याकडे जरा मंद होते. तो आमचा मान आहे, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. सांगितलं असतं, पाहुणे आले असते तर.

आणि लेकीने शब्द पाळला. तिची नोकरीच अशी निघाली, की महिन्यातून एकदा याच गाडीने पलीकडच्या शहरात जावं लागतं. म्हणजे दर महिन्याला ती येते. येते आणि जाते. अध्यक्षीणबाई फलाट तिकीट काढून एकट्याच टोकाच्या फलकाखाली उभ्या राहतात, जिथे गाडी सगळ्यांत मंद असते. एका खेपेला एक वाक्य, एवढा अवधी मिळतो. मायलेकींचं बोलणं त्यामुळे सावकाश चालतं. मागच्या महिन्यात आईने ओरडून विचारलं, “खोकला गेला का गं?” या महिन्यात उत्तर आलं, “कुठला खोकला?”

अध्यक्ष सध्या छापखान्यात असतात. नव्या समितीचं पहिलं निवेदन जुळवून झालं आहे: ‘गाडी थांबलीच पाहिजे’. यासाठी त्यांनी नवा ‘च’ मागवला आहे. कारणं या वेळी सतरा नाहीत, एकच आहे, आणि ते त्यांनी छापलं आहे. बायकोला कच्चं मुद्रित वाचायला दिलं. तिने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “हे भाषण तेव्हा करायचं होतंत.” समितीने याची नोंद घेतली आहे.

या मार्गाने तुम्हीही कधीतरी गेला असाल. गाडी जरा मंद झाली असेल आणि तुम्ही हातातल्या फोनवरून मान वर केली असेल. चकचकीत स्टेशन, मोठ्ठं घड्याळ, आणि फलाटभर माणसं गाडीकडे बघत हात हलवताहेत. तुम्हाला गंमत वाटली. शेजाऱ्याला तुम्ही म्हणालातही, “काय रिकामटेकडे लोक आहेत! यांना जायचंय तरी कुठं?”

तो प्रश्न समितीच्या विचाराधीन आहे. दरम्यान आपणांस नम्रपणे कळवण्यात येतं, की आपणही घर सोडताना कोणाला तरी ‘दर महिन्याला येईन’ असं सांगून निघाला आहात, आणि त्या व्यक्तीने आपल्या नावाचं फलाट तिकीट काढून ठेवलं आहे. (खिडकी उघडी ठेवावी. वाक्य एकच मिळतं.)