एस. नागोजी, दोघेही

देविकाच्या हातात दोन पाकिटं होती आणि दोन्हींवर एकच नाव होतं. एस. नागोजी.

एक तिच्या अण्णाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, आणि एक ताताचं, म्हणजे आजोबांचं. घरची रीतच तशी, थोरल्या नातवाला आजोबांचं नाव. ताताचे वडील शहाजी, अण्णाचेही वडील शहाजी, त्यामुळे नावाआधी लागणारं वडिलांच्या नावाचं इनिशियलसुद्धा तेच. पोस्टमनला याची सवय होती, प्रयोगशाळेला नव्हती. मंडळाच्या हॉलात थॅलेसेमियाचं तपासणी शिबिर भरलं, तेव्हा नळ्यांवर नावं घालायचं काम देविकानं मोठ्या हौसेनं मागून घेतलं होतं. अक्षर कसं मोत्यासारखं! फक्त वय लिहायचं राहून गेलं.

"एक नॉर्मल आहे, एक वाहक," ती हळूच म्हणाली.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर चारात एका मुलाला आजार व्हायची भीती, हे तिनं शिबिरात साठ जणांना ऐटीत समजावलं होतं. आज समोर तनया बसली होती. पुण्याची, अण्णाच्याच कंपनीतली. महिन्याभरात दोघांचं लग्न होतं, आणि आपण वाहक आहोत हे तनयाला कॉलेजपासून ठाऊक होतं.

अण्णाचा घास हातातच राहिला.

"अय्यो, त्यात काय! वाहक मीच," ताता मिशीवर ताव देत गरजले. "द्या तो कागद इकडे."

"असं वाटून घेता येत नाही, ताता. दोघांनी परत रक्त द्यायचं."

"आज? आज मला चंद्राष्टमम् आहे, चंद्र आठवा. नवं काही करू नये."

दुसऱ्या दिवशी एकादशी निघाली. तिसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता.

"गुडघ्यातून नाही काढत हो, मामंजी," आई म्हणाली.

अण्णा मात्र पहाटेच कंपनीच्या बसनं शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला जाई आणि अंधार पडल्यावर परते. त्याला रविवारशिवाय सवड नव्हती. तोवर तनया रोज फोनवर म्हणायची, "निघालास वाहक तरी मी कुठे पळत नाही. डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवू." तरी त्याची इडली ताटात गार होत होती. देविकाला ते बघवेना. चूक तिची होती.

शनिवारी रात्री अण्णा जेवायला बसला होता, तेव्हा ताताचे मित्र बालाजीराव शिबिरातलं आपलं पाकीट घेऊन आले. "वाच गं पोरी, काय लिहिलंय."

देविकानं वाचलं. वाहक. हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक आठ, वाहक ज्यावरून ओळखतात ते ए-टू पाच पूर्णांक दोन. तिनं आतून एस. नागोजीचा वाहक रिपोर्ट आणला आणि शेजारी ठेवला. अकरा पूर्णांक आठ. पाच पूर्णांक दोन.

"बालाजीमामा, तुम्ही किती वेळा रक्त दिलं?"

बालाजीरावांनी ताताकडे पाहिलं. ताता पंख्याकडे बघत होते.

"दोनदा," बालाजीराव म्हणाले. "हा सुई बघून घामाघूम झाला. म्हणाला, माझ्या नावानं तूच दे. वर बिस्किटाचा पुडा एकच दिला मला!"

"म्हणजे नॉर्मलवाला मी!" अण्णा ओरडला आणि एका दमात चार इडल्या संपवल्या.

"पण ताता, तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, तर बोलला का नाहीत?"

"बोललो की! तो कागद माझाच म्हणून सांगत होतो ना मी?" ताता पुटपुटले. "चारचौघांत मिशी ठेवून हिंडतो मी, पोरी."

तरी रविवारी दोन्ही नागोजींना प्रयोगशाळेत जावंच लागलं. देविकानं नळ्यांवर नाव, वय, जन्मतारीख सगळं लिहिलं. ताताचा एक हात नर्सकडे होता, दुसरा तनयाकडे. डोळे गच्च मिटलेले.

"कधी टोचणार?"

"झालं, ताता."

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. कापसाचा बोळा पाहिला. मिशी सारखी केली. बालाजीराव दाराशी उभे होते. त्यांनाही डॉक्टरांनी खात्रीसाठी पुन्हा बोलावलं होतं.

"तू बस रे," ताता दुसरी बाही वर सारत म्हणाले. "तुझ्या नावानं मी देतो."

देविकानं नळी मागे घेतली आणि पेनाला टोपण लावलं.