हजेरी लावणारं नाक

रोज सकाळी गरडभाऊ दुधाचं पातेलं घेऊन आमच्या दारात उभे राहतात. "राव, हुंगा जरा. नासलंय का?"

चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे लातूरकडचे. निघोज्याच्या एका कंपनीत पेंट शॉपला होते, आता निवृत्त. त्यांना वास येत नाही. "नाक हजेरी लावतंय, काम करत न्हाई," असं तेच सांगतात. वहिनी होत्या तोवर दुधाचं त्या बघायच्या. त्या गेल्यापासून हे खातं माझ्याकडे आहे.

कारण विचारलं, तर एकदा कंपनीतला थिनर, एकदा जुना ताप, एकदा स्कूटरवरून पडून डोक्याला लागलेला मार. मला एकच कारण हवं असतं.

"नक्की एक ठरवा ना, भाऊ."

"डॉक्टरीणबाईला ठरवता येईना. म्हणल्या, ह्यातलं काहीबी असंल. मी काय ठरवू?"

लक्षणांचाही घोळच. जेवण नुसतं खारट, आंबट नाहीतर कडू लागतं म्हणतात. एकदा त्यांची डाळ करपून धूर आमच्या घरात आला, तेव्हा हे निवांत टीव्ही बघत होते. पण आमच्या फोडणीत मिरची पडली की पहिली शिंक यांची.

"मिरची बरी कळते?" मी पकडलं.

"झोंबणं येगळं, वास येगळा, राव."

हे मला अजून नीट समजलेलं नाही.

या उन्हाळ्यात त्यांची मुलगी सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. फोनवर तिनं एकच मागितलं होतं, आईसारखा काळा मसाला. भाऊ आठवडाभर नीट जेवले नाहीत.

"वहिनींचं प्रमाण काय होतं?" मी विचारलं.

"प्रमाण न्हवतं. नाक हुतं."

शेवटी भाऊ कढईत खोबरं परतायला बसले आणि मी शेजारी वाकून हुंगायला.

"झालं?"

"अजून जरा."

"आता?"

मला खात्रीच होईना. खमंग कुठं संपतं आणि करपट कुठं सुरू होतं? "उतरवा" म्हणालो, पण उशिराच. मग मसाला कांडून आणायला पिंपरीला गेलो. मशीनपाशी सगळे नाकाला रुमाल लावून उभे होते. भाऊ उघड्या नाकानं शिंकत होते, तेही आनंदानं.

सुनीता आली. तिनं डब्याचं झाकण काढलं. भाऊ तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"खोबरं जास्त भाजलंय, बाबा."

मी खाली बघू लागलो.

"आईचंही तसंच असायचं. मुद्दाम भाजायची ती. म्हणायची, तेवढा कडवटपणा तरी तुझ्या बाबांना लागेल."

"मला न्हाई कधी बोलली," भाऊ म्हणाले.

त्यांनी डबा उचलला, त्यात नाक घातलं आणि सटासट शिंकले. डोळे पुसून डबा माझ्यापुढे धरला.

"राव, कसा येतोय वास? सांगा की."

मी डब्यावर वाकलो. वास भरपूर येत होता, पण सांगायचा कसा ते कळेना. भाऊ डबा धरून थांबले होते.