मास्तरांची नाडी

माणूस तपासणीला घाबरतो, कारण घाबरणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा आपण घाबरणार नाही, असं विज्ञानाच्या मास्तरांनी आईला छातीठोक सांगितलं होतं. नोकरी हंगामी होती. आज साहेब येणार, पाठ बघणार, शेरा लिहिणार: कायम, नाहीतर नारळ. म्हणून मास्तरांनी पाठच निवडला तो भीतीचा.

फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढून त्यांनी त्यांना टोप्या घातल्या. "भीती वाटली की या टोपीसारख्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन रक्तात सुटतं. हृदय सुसाट पळतं. तोंड एक वेळ खोटं बोलेल, नाडी नाही."

सातवीची पोरं जोडीजोडीनं एकमेकांची मनगटं धरून बसली. पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चौपट करायचे, आकडा मोठ्यानं सांगायचा. पोरं सदतीस, त्यामुळे एक मुलगी उरली. ती मास्तरांची सख्खी भाची. जिन्याच्या पायऱ्यांपासून मुख्याध्यापिकांच्या शिंकांपर्यंत सगळं मोजते म्हणून शाळा तिला मोजपट्टी म्हणे. शाळेत मामाला सर म्हणायचं, हे घरी ठरलेलं होतं. मास्तरांनी मोठ्या मनानं आपलं मनगट तिच्या हवाली केलं.

"शहात्तर," मोजपट्टी म्हणाली.

"बघा. शांत माणूस."

दार उघडलं. पुढे मुख्याध्यापिका, मागे तपासनीस साहेब, काखेत फाइल.

"शंभर."

"थांब आता," मास्तर पुटपुटले.

"छे छे, चालू द्या," साहेब मागच्या बाकावर बसत म्हणाले. "प्रयोगच बघायला आलोय. असे प्रयोग रोज होतात?"

"रोज, साहेब."

"एकशे सोळा."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. "सामान पुरतं?"

शाळेत एकच चंचुपात्र होतं आणि त्यात मुख्याध्यापिका पेनं ठेवत. त्या मास्तरांकडे रोखून बघत होत्या.

"उरतं, साहेब."

"एकशे बत्तीस. मामा, हात घामानं सुटतोय."

"मामा?" साहेबांचं पेन थांबलं.

"सगळीच मुलं मला प्रेमानं…"

"एकशे छत्तीस."

"पोरखेळ हो, साहेब," मुख्याध्यापिका घाईघाईनं मध्ये पडल्या. "त्यात काही तथ्य नसतं. आमच्याकडे सामान खरंच भरपूर…" तोवर मागच्या बाकावरच्या, मोजून रिकाम्या झालेल्या जोडीनं त्यांचं मनगट धरलं होतं.

"एकशे चोवीस," जोडी एका सुरात म्हणाली.

वर्गात टाचणी पडली असती तर तिचेही ठोके मोजले गेले असते. मास्तरांना फळ्यावरची मूत्रपिंडं टोपी काढून आपला निरोप घेताना दिसू लागली.

साहेब सावकाश उठले. "मुलांनो, मी काय वाघ आहे? अशा तपासण्या मी कित्येक वर्षं करतोय. यात घाबरण्यासारखं आहे काय?" आणि हे पटवायला त्यांनी मनगट पुढे केलं.

मोजपट्टीनं मामाला सोडून साहेबांना धरलं. पंधरा सेकंद सगळा वर्ग मनातल्या मनात मोजत होता.

"एकशे चव्वेचाळीस. सगळ्यांत जास्त."

साहेब खाली बसले. बराच वेळ त्यांनी फाइलीची नाडी सोडली आणि बांधली. मग फाइलीलाच म्हणाले, "पहिलीच तपासणी आहे. कालच रुजू झालो. उलट तुम्हीच मला काही विचारलंत तर, म्हणून रात्रभर झोप नाही."

मुख्याध्यापिकांनी त्यांना पाणी दिलं. चंचुपात्रातून. पेनं काढून.

शेरा तीन ओळींचा होता. पाठ परिणामकारक. शिक्षकास कायम करावे. हा प्रयोग पुन्हा करू नये.

संध्याकाळी मास्तर छाती पुढे काढून घरात शिरले. भाची आधीच येऊन घड्याळासमोर बसली होती.

"झालास कायम?" आईनं विचारलं. "आणि घाबरला नाहीस ना रे?"

मास्तरांनी आधी दोन्ही हात खिशात घातले, मग म्हणाले, "छे."